मुलांसोबत टेकडीवर: निसर्गफेरी सुरू करणाऱ्या पालकांसाठी

दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतली आठ-दहा मुलं पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातात. ही फेरी मी चालवते, म्हणून इतर सोसायट्यांतले पालक, कधी शिक्षकही विचारतात, "आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं?" बहुतेकांची समजूत अशी असते की झाडा-पक्ष्यांची नावं पाठ हवीत, दुर्बीण हवी, सोबत कुणी जाणकार हवा. सुरुवातीला यातलं काहीही लागत नाही. घराजवळची एक जागा हवी, तिथे पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी हवी आणि सोबतच्या मोठ्या माणसांची गप्प बसायची तयारी हवी. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड आहे, म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलं आहे.

मुलांना उघड्यावर नेऊन शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. तिथली आदिवासी मुलं गुरं चारायला जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पानं, बिया, खडे ही त्यांची शैक्षणिक साधनं होती. आपल्या फ्लॅटमधल्या मुलांची अडचण वेगळी आहे, पण साधनं तीच चालतात.

उदाहरणं पुण्याची आहेत. तुमच्याकडे ओढा, तळं, गायरान, देवराई किंवा शाळेमागचं माळरान असेल तर पायऱ्या त्याच, तपशील तुमचे.

१. जागा जवळची निवडा, आणि एकच

चालत किंवा रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा बघा. लांबचं अभयारण्य कितीही सुंदर असलं तरी तिथे वर्षातून एकदा जाणं होतं, आणि एकदा पाहिलेली जागा मुलाची होत नाही. तीच वाट, तोच दगड, तेच झाड उन्हाळ्यात आणि पावसात पाहिलं की मूल स्वतःहून म्हणायला लागतं, "मागच्या वेळी इथे पाणी होतं." फेरीची खरी सुरुवात त्या वाक्यापासून होते.

जागा ठरवताना चार गोष्टी पाहा: मुलांना पसरून बसता येईल अशी सावलीची सपाट जागा, मोबाइलला रेंज, आसपास कठडा नसलेली विहीर किंवा कडा नसणं, आणि झाडांमधली विविधता. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीचा कडा आहे. लहान मुलांना घेऊन त्या बाजूला जाऊच नका. झाडांबद्दल एक सांगते: पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) लागवड भरपूर झाली आहे आणि त्या पट्ट्यात मुलांना सापडण्यासारखं कमी असतं. थोडं फिरून सालई, मोई, हिवर, खैर, बोर अशी देशी झाडं असलेला भाग शोधा. कोळी, मुंग्या, पक्षी, सगळं तिथे जास्त दिसतं.

२. आधी मुलांशिवाय जाऊन या

ज्या दिवशी, ज्या वेळी मुलांना नेणार, त्याच दिवशी त्याच वेळी जा. रविवारची गर्दी मंगळवारी दिसत नाही. झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ आहे का, भटक्या कुत्र्यांची टोळी कुठे बसते, बाटल्या फोडलेली जागा कोणती, शेवाळं धरलेले दगड कुठे आहेत, हे पाहून ठेवा. स्वच्छतागृह जवळात जवळ कुठे आहे हेही पाहा. विशेषतः मोठ्या मुली एवढ्या एका कारणाने यायचं टाळतात आणि तसं बोलून दाखवत नाहीत.

३. परवानग्या आणि कागद

रोज लोक फिरायला येतात अशा टेकडीवर चार-पाच कुटुंबं मिळून गेली तर सहसा कुणी अडवत नाही. पण बऱ्याच टेकड्या वन विभागाच्या ताब्यात आहेत. ये-जा करण्याच्या वेळा फाटकावर लिहिलेल्या असतात, त्या पाळा. शाळेचा वर्ग नेणार असाल तर वन परिक्षेत्र कार्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी द्या. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर प्रवेश शुल्क, वेळा आणि नियम वेगळे असतात आणि तिथून पान, बी, पीस काहीही उचलून आणायचं नसतं.

प्रत्येक मुलामागे एक कागद तुमच्याकडे हवा. त्यावर एवढं लिहून घ्या:

- मुलाचं नाव, वय, रक्तगट
- आई-वडील दोघांचे, किंवा त्यांच्यापैकी एकाचा आणि आणखी एका नातेवाइकाचा चालू नंबर
- ॲलर्जी (मधमाशी, औषध, शेंगदाणे), दमा, फिट्स, चालू असलेली औषधं
- गरज पडल्यास डॉक्टरकडे नेण्याची संमती आणि पालकाची सही
- फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले तर चालेल का, हो किंवा नाही

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग त्यावरूनच वाद होतो. या कागदांचा एक संच पिशवीत ठेवा, दुसरा घरी राहणाऱ्या एका पालकाकडे द्या.

४. सामान

मुलांकडे: पायाचा घोटा झाकणारे बूट, पूर्ण लांबीची पँट, टोपी, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, बिनरेघांची वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात शाई पसरते, म्हणून पेन नको. कपडे मातकट रंगाचे असले तर उत्तम, पण त्यासाठी नवे घेऊ नका.

तुमच्याकडे: शिट्टी, दोन-तीन भिंगं, मीटरभर सुतळीचे तुकडे, जुनी चादर, प्रथमोपचाराची पिशवी. त्या पिशवीत बँडेज, जंतुनाशक, काटा काढायचा चिमटा, ओआरएसची पाकिटं आणि ज्या मुलाला लागतो त्याचा इनहेलर.

दुर्बीण नंतर. हातात दुर्बीण आली की मुलं पक्ष्यापेक्षा दुर्बिणीतच गुंततात आणि कुणाची पाळी यावरून भांडतात. पहिल्या काही महिन्यांत भिंग जास्त उपयोगी पडतं, कारण टेकडीवर जे हमखास सापडतं ते पायाशी असतं.

५. पहिली फेरी

पाच मुलांमागे एक मोठं माणूस, हे माझं प्रमाण. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर तीनमागे एक. वयात चार वर्षांपर्यंतचा फरक चालतो, उलट बरा असतो, मोठी मुलं लहानांना दाखवत बसतात.

वेळ दोन तासांपेक्षा जास्त नको. मार्च ते मे साडेसहाला सुरू करून साडेआठपर्यंत खाली या. थंडीत साडेसातला निघालात तरी चालतं.

पहिला अर्धा तास मुलांना मोकळं चालू द्या. ती पळतील, ओरडतील, काठ्या उचलतील. हा वेळ वाया गेला असं समजू नका. आठवडाभर बंद वर्गात आणि घरात बसलेलं अंग आधी मोकळं व्हावं लागतं, त्याशिवाय पुढचं शांत बसणं जमत नाही. नियम तीनच सांगा: पुढच्या मोठ्या माणसाच्या पुढे जायचं नाही, दगड उलटला तर होता तसा ठेवायचा, आणि शिट्टी ऐकली की जिथे असाल तिथून परत यायचं.

मग सुतळीचा खेळ. दोघांत एक तुकडा, त्याचं जमिनीवर वर्तुळ करायचं आणि पोटावर पडून त्या वर्तुळात काय काय आहे ते पाहायचं. मोठी माणसं म्हणतात, "इथे तर नुसती माती आहे." एकदा दोन मुलांनी आमच्या वाटेशेजारी, कोरड्या भुसभुशीत मातीत वर्तुळ केलं. त्यात शंकूसारखे छोटे खड्डे होते. एका खड्ड्याच्या काठावरून मुंगी घसरली, वर चढायला लागली, तशी तळातून मातीची बारीक फवारणी झाली आणि मुंगी पुन्हा खाली. तळाशी मातीत दडलेली अळी मुंगीवर माती उडवत होती. मुलं हलली नाहीत. "मावशी, ती मुंगीला पाडतेय!" एवढंच कुजबुजत सांगितलं. ही अळी पुढे चतुरासारखी पंखांची होऊन उडते, हे मी त्यांना खाली उतरताना सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर ती माझ्याकडे पाहायला लागली असती.

६. गप्प बसायची मिनिटं

आता मुख्य भाग. प्रत्येक मुलाने स्वतःची एक जागा निवडायची: दगड, खोडाचा आधार, गवताचा मोकळा तुकडा. ती तुमच्या नजरेच्या टप्प्यात आणि दुसऱ्या मुलापासून दहा-बारा पावलं लांब असावी. दर फेरीला तिथेच बसायचं. बसण्याआधी काठीने आजूबाजूचं गवत आणि दगडाची खाच हलवून पाहायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वेळ कमी ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलांना तीन मिनिटं, दहाच्या पुढच्यांना पाच ते सात. महिन्या-दोन महिन्यांत तीच मुलं दहा मिनिटं बसतात. त्याआधी ताणलंत तर तो शिक्षेसारखा प्रकार होतो.

काही मुलांना शाळेत आनापान (श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान) शिकवलेलं असतं, ती लगेच मांडी घालून डोळे मिटतात. त्यांना सांगा, इथे डोळे उघडेच ठेवायचे. श्वासाकडे लक्ष द्यायचं असेल तर पहिले पाच श्वास द्या, नंतर लक्ष बाहेर जाऊ द्या. नुसतं "शांत बसा" म्हटलं की मुलाला काय करायचं ते कळत नाही. त्याला एक काम द्या. माझ्याकडे चालणारी कामं अशी:

आवाजांचा नकाशा. वहीच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. जो आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला एक खूण. जवळचा जवळ, लांबचा लांब. चित्र काढायचं नाही, शब्द लिहायचे नाहीत, खूणच करायची. रिक्षाचा हॉर्न आणि कुकरची शिट्टीही नकाशात येऊ द्या. टेकडी शहरात आहे, ते लपवायचं कशाला?

वाऱ्याचा माग. वारा आधी कुठल्या झाडाला लागतो, मग कुठे जातो, आपल्या गालावर कधी येतो.

एकाच मुंगीच्या मागे. नजरेने. ती हरवली की दुसरी धरायची नाही, ती जिथे हरवली तिथेच पाहत राहायचं.

हाताची ओळख. सालईच्या खोडाचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात, डिंकाला धुपासारखा वास येतो. डोळे मिटून खोड चाचपायचं आणि नंतर पाच खोडांतून तेच ओळखायचं. हे एकच काम डोळे मिटून.

बसून झालं की सगळे चादरीवर गोल. ज्याला सांगायचंय त्याने सांगावं. "मला काहीच दिसलं नाही" हेही उत्तर आहे. त्यावर "असं कसं, नीट पाहिलं नाहीस" म्हणू नका. जे मूल सतत उठतं, त्याला दुसरं काम द्या: सगळ्यांची वेळ बघायची, किंवा उभं राहून झाडाला पाठ टेकून ऐकायचं. काही मुलांना बसण्यापेक्षा उभं राहून जास्त ऐकू येतं.

आणि तुम्ही? तुम्हीही बसा. मोबाइल पिशवीत. मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहत असतं. आपण स्क्रोल करतोय हे दिसलं की त्याची वेळ तिथेच संपते.

७. नाव सांगायची घाई नको

मुलाने विचारलं, "हा कुठला पक्षी?" की आपल्याला उत्तर द्यायची घाई होते. "बुलबुल." मूल "बरं" म्हणून पुढे जातं आणि पाहणं तिथेच थांबतं. त्याऐवजी उलट विचारा: "शेपटीखाली कुठला रंग दिसला? एकटाच होता की जोडीने? काय खात होता?" मुलांनी ठेवलेली नावं काही आठवडे चालू द्या. सातभाईंच्या थव्याला आमची मुलं "भांडकुदळ मावश्या" म्हणायची. त्यातला एक फांदीवर बसून पहारा देतो, बाकीचे खाली पाचोळा उपसतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं, आणि नंतर खरं नाव कळल्यावर ते कुणीही विसरलं नाही.

नावं शोधायला घरी जाऊन मर्लिन ॲप किंवा मराठी पक्षी-पुस्तक उघडा, मुलासोबत. टेकडीवर फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या काळात त्यांना त्याचा फार त्रास होतो.

८. वही

तारीख, वेळ, हवा आणि एक गोष्ट. बास. चित्र सुंदर यावं असा आग्रह नको, शुद्धलेखन तपासू नका. या वहीला कधीही मार्क द्यायचे नाहीत, शाळेत फेरी नेणाऱ्या शिक्षकांना ही माझी कळकळीची विनंती आहे. मार्क आले की मुलं तुम्हाला आवडेल ते लिहितात.

९. कुठल्या महिन्यात काय शोधायचं

मेच्या अखेरीस नवरंग येतो, त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि संध्याकाळी ऐकू येते. पावशाचं "पेर्ते व्हा" त्याच सुमाराचं. पहिला चांगला पाऊस झाला की मृगाचे किडे बाहेर पडतात, लाल मखमलीचे. त्यांचे पाय मोजायला लावा. आठ भरतात, म्हणजे हे मुंग्यांपेक्षा कोळ्यांचे जवळचे. हे फार थोडे दिवस दिसतात, तेव्हा त्या आठवड्यात फेरी चुकवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळं, अळंब्या, गोगलगाई, वाणी किडे. सप्टेंबरला तेरडा आणि झुडपांमधून सिग्नेचर स्पायडरची फुलीची नक्षी असलेली जाळी. ऑक्टोबरला फुलपाखरं आणि मोज्यांत घुसणारी कुसळं. कुसळ फेकून देऊ नका, त्याचं टोक भिंगाखाली बघा आणि ओल्या बोटावर ठेवून ते कसं वळतं ते पाहा.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षीनिरीक्षणाचे कार्यक्रम असतात, मुलांना एकदा जरूर न्या. थंडीत शेपटी थरथरवणारा थिरथिरा आणि धोबी हमखास. फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, तेव्हा एका फुललेल्या झाडाखाली अर्धा तास बसलात तर वेगळं काही करावं लागत नाही. पळसमैनांचे थवे, बुलबुल, खारी सगळे तिथेच येतात.

१०. धोके

घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण हे माहीत हवंच.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार आपल्याकडचे प्रमुख विषारी साप. साप दिसला तर थांबायचं आणि मागे सरकायचं. चावला तर चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. मुलाला चालवू नका, तो अवयव हलू न देता थेट रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. तुमच्या भागात सर्पविषावरचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात मिळतं ते आधीच विचारून ठेवा.

आग्या मोहोळ: खाली धूर, दगड, आरडाओरडा नाही. त्या दिवशी मुलांना अत्तर, डिओ नको. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून तिथून लांब पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

वनस्पती: चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात. गुंजा दिसायला सुंदर, पण तोंडात घालायच्या नाहीत. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हिवाळ्यात खाजकुइलीच्या सोनेरी लवेच्या शेंगांपासून दूर राहा. नियम एकच: मोठ्यांना विचारल्याशिवाय काहीही खायचं नाही, बोरं-करवंदंसुद्धा.

उन्हाळ्यात वाळल्या गवताला वणवा लागतो. धूर दिसला की फेरी थांबवून खाली उतरा.

११. सोबत येणाऱ्या पालकांशी आधीच बोला

मुलांपेक्षा यांच्याबाबत जास्त काम पडतं. "शी, टाक तो किडा!" हे एक वाक्य महिन्याभराची मेहनत घालवतं. किळस मुलात उपजत नसते, आपल्या चेहऱ्यावरून ती तिथे पोहोचते. "पडशील, पडशील" म्हणत राहिलात तर मूल पायाकडे न बघता तुमच्याकडे बघतं आणि खरंच पडतं. "पुढचा दगड हलतोय का बघ" हे जास्त कामाचं. फोटो शेवटच्या दहा मिनिटांत काढा, आधी नाही. आणि मुलांपुढे दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका, "बघ तो किती शांत बसला" असं तर नकोच.

१२. टेकडी जमतच नसेल तर

घरात आजारपण असतं, रविवारची ड्यूटी असते, टेकडी फार लांब असते. मग एक झाड घ्या, सोसायटीतलं किंवा बसस्टॉपवरचं. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं त्याच्याखाली उभं राहून कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं किती ते पाहा. सीझनवॉच हा देशभर चालणारा उपक्रम नेमकं हेच करतो. त्यावर मुलाच्या झाडाची नोंदणी मोफत करता येते आणि दर आठवड्याची नोंद टाकता येते. आंबा, चिंच, बहावा, कडुनिंब यांतलं एखादं सोपं पडतं, कारण बदल ठळक दिसतात. बहावा घेतलात तर उन्हाळ्यात तो पिवळ्या घोसांनी भरला की मुलाला शेजाऱ्यांनाही खाली बोलावून दाखवायला सांगा.